वाफे ते वॉफल

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याआधी केलेलं भाषण)



काल रात्री गाणी झाली, गप्पा झाल्या. आता सगळ्यांना भूक लागलीय आणि संयोजकांनी नेमकं मला नाश्त्याच्या आधी उभं केलंय. घाबरू नका, मी खाण्याबद्दलच बोलणार आहे. विषय आहे वॉफल. सर, वॉफल म्हणजे पिठाचा जाडसर पोळा, दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबून भाजलेला, अंगावर चौकटी-चौकटी असलेला. आपला बटाट्याचा वेफर आणि हा वॉफल नावाने चुलतभाऊ लागतात.

कार्यानुभवाचा तास आठवतोय ना? मुलींना स्वयंपाक आणि आम्हा मुलांना शाळेमागे वाफे. माझे बांध कायम वाकडे. सर दोरी लावून पुन्हा घालायला लावायचे. त्यामुळे मला वाफे येतात, पण चहासुद्धा येत नाही, हे लग्नानंतर आमच्या हिला कळलं. पुढची पंचवीस-तीस वर्षं तिने ते चालवून घेतलं.

मुलगी लग्न होऊन बोरिवलीला गेली. २०१३ला लोकल डहाणूपर्यंत आली आणि आमचं भाग्य उजळलं. शनिवारी दुपारी मुलगी, जावई, नातू येणार, रविवारी सकाळी सगळे मिळून नाश्ता करणार, संध्याकाळच्या गाडीने परत. नाश्त्याला हिची पानगी ठरलेली. नातू चार वर्षांचा झाला तेव्हा त्याने कुठल्याशा मॉलमध्ये वॉफल खाल्लं आणि पानगीवर बहिष्कार टाकला. मुलीने वॉफलचं यंत्र आणून दिलं. आजी म्हणाली, "मला नाही जमायचं ते." मग मी पुढे झालो.

पहिलं वॉफल मधोमध फाटलं. अर्धं वर, अर्धं खाली. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मोडलं." दुसरंही मोडलं. तिसऱ्याच्या आधी हिने मुकाट्याने तवा ठेवला.

मग नोव्हेंबर २०१८ उजाडला. तलासरी आणि धुंदलवाडीकडच्या मित्रांना पुढचं सांगायला नको. आधी जमिनीतून गुडगुड, मग धक्का. डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री भांडी वाजली, कौलं खडखडली. नातवाला उचलून अंगणात आणलं, पण तो काही केल्या परत आत यायला तयार होईना. सकाळी नाश्ता न करताच ते निघाले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं बोरिवलीला चला." मी म्हटलं, "शेत, गुरं कुणावर टाकू?" ती म्हणाली, "मग आम्हालाही बोलावू नका." रागाने नाही म्हणाली, रडत म्हणाली. ते जास्त लागलं.

१ फेब्रुवारी २०१९ला ४.१चा धक्का बसला. आम्हीही अंगणात झोपायला लागलो. गावात तंबू आले. आणि रविवार? ही दोन माणसांची पानगी करायची आणि आम्ही एकमेकांकडे न बघता खायचो.

एका रविवारी मी ते यंत्र काढलं. ओटीवरून लांब वायर ओढली आणि चिकूच्या झाडाखाली स्टूल मांडलं. ही म्हणाली, "कुणासाठी?" उत्तर नव्हतं. पण महिनाभरात मला त्या यंत्राची भाषा कळायला लागली. पिठ ओतलं की वाफ येते. ती जोरात असेपर्यंत झाकण उघडायचं नाही, उघडलंत की फाटलंच. वाफ मंदावली की समजायचं, सुटलं. आमचे सर म्हणायचे तसं, वाफसा आल्याशिवाय जमिनीला हात लावू नये.

मुलींनो, प्रमाण लिहून घ्या, आणि मुलांनो, तुम्हीही. एक वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी कणीक, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर. एक अंडं, सव्वा वाटी दूध, दोन चमचे पातळ लोणी. फार घोटायचं नाही, नाहीतर कणीक चिवट होते. पाव तास झाकून ठेवायचं, म्हणजे तांदूळ दूध पितो. तांदळामुळे वरून कुरकुरीत होतं, मैद्याची गरज नाही. चिकू मात्र पिठात घालू नका. मी घातला होता. त्याची साखर साच्याला अशी धरते की अर्धा दिवस खरवडत बसलो. तो वरून घ्यायचा. घोलवडच्या चिकूला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला असं जाळणं बरं नव्हे.

मी फोटो पाठवला. नातवाचा फोन आला. त्याने एकच विचारलं, "अंगणात केलं का?" मी हो म्हटलं.

मे महिन्यात ते आले. राहायला नाही, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परत. चटई झाडाखाली घातली. एका बाजूला माझं यंत्र, दुसऱ्या बाजूला हिची चूल. नातू पाठ घराकडे करून बसायचा आणि मध्येच वळून बघायचा. त्याने ताटात दोन्ही घेतलं. "आजीच्यावर पानाच्या रेघा आहेत, आजोबांच्यावर चौकोन." पानगीचा बहिष्कार तिथे संपला.

मग तुपाची बरणी आणायची राहिली. ती आत, फळीवर. ही उठायला लागली, तेवढ्यात पोरगं उठलं. पळत आत गेलं, बरणी घेऊन पळत बाहेर आलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. त्याने तूप वाढलं, आजीला आधी.

आता तो अकरा वर्षांचा आहे. रात्री राहतो, पण झोपतो ओटीवर, दाराशी. आम्हीही आग्रह करत नाही.

असो. यंत्र मी आज सोबत आणलंय, त्या कोपऱ्यात आहे. पीठ भिजवून पाव तास होऊन गेला, म्हणून घड्याळ बघत होतो. रांग लावा. सर, बाई, तुम्ही आधी या. फक्त पहिलं वॉफल मागू नका, ते अजूनही फाटतं. ते मी खातो.