एका दिव्याची उघडझाप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत गणित आणि शास्त्र हे विषय आयुष्यभर मराठीतून शिकवले. मराठीच्या प्राध्यापकाने अशा प्रसंगी एखाद्या संतकवीविषयी बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका इवल्याशा दिव्याविषयी बोलणार आहे. मायक्रोकंट्रोलर नावाच्या चिपला एक एलईडी जोडायचा. तो अर्धा सेकंद लावायचा, अर्धा सेकंद विझवायचा. त्या विद्येतील हा श्रीगणेशा. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या नातवाकडून मी तो समजून घेतला, आणि हा विषय भाषेच्या अभ्यासकाचाही आहे, अशी माझी खात्री झाली.

इंटेल कंपनीने १९८० साली बाजारात आणलेली ८०५१ ही चिप उदाहरणादाखल घेऊ. १९९८ साली बेळगावात स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ती वर्षानुवर्षे होती. मूळ चिपमध्ये आज्ञा साठविण्यास ४ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी १२८ बाइट जागा असे. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे त्या १२८ बाइटांत जेमतेम ४२ चिन्हे मावतील! घरच्या संगणकात आपला कार्यक्रम आणि यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम दुभाष्यासारखी उभी असते. येथे तो दुभाषी नाही. या पद्धतीला ‘बेअर मेटल’, म्हणजे नुसता धातू, असे म्हणतात ते यामुळेच.

आता कृती पाहू. एलईडीचे एक टोक रोधकामार्फत ५ व्होल्टला आणि दुसरे चिपच्या एका पायाला जोडतात. रोधक ३३० ओहमचा घेतला, तर तांबड्या दिव्यातून सुमारे ९ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. त्या पायाची अवस्था ठरविणारा एक बिट चिपच्या आत ठरलेल्या पत्त्यावर असतो. गंमत अशी, की या जोडणीत तेथे शून्य लिहिले की दिवा लागतो आणि एक लिहिला की विझतो. कारण शून्य लिहिल्यावरच प्रवाहाला त्या पायातून जमिनीकडे वाट मिळते. ‘एक म्हणजे चालू’ असा आपला समज येथे उपयोगाचा नाही. जोडणी कशी आहे, हेच पाहावे लागते.

अर्धा सेकंद थांबायचे कसे? चिपला ‘थांब’ म्हणून भागत नाही. तिला मोजायला बसवावे लागते. १२ मेगाहर्ट्झचे स्फटिक लावले, की तिचे एक आवर्तन १ मायक्रोसेकंदाचे होते. एकाने कमी करून पुन्हा मागे जाण्याच्या आज्ञेला अशी २ आवर्तने लागतात. एका खणात २५५ च्या पुढची संख्या मावत नाही, म्हणून फेऱ्यांत फेरे घालायचे : २५० गुणिले २५० गुणिले ४, म्हणजे अडीच लाख वेळा मोजणी. प्रत्येकी २ मायक्रोसेकंद धरले, तर पाच लाख मायक्रोसेकंद. बरोबर अर्धा सेकंद. फेरे बदलताना आणखी काही सहस्रांश सेकंद जातात, तेवढेच. पाढे पाठ करून घेणाऱ्या गुरुजींना हा हिशेब आवडला असता.

शेवटची अट सर्वांत बोलकी आहे. हा कार्यक्रम कधी संपता कामा नये. संगणकावरचा कार्यक्रम संपला, की ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जातो. येथे परतायला घरच नाही. शेवटी ‘पुन्हा आरंभाला जा’ असे लिहिले नाही, तर चिप पुढच्या जागेत जे काही असेल तीच आज्ञा समजून भरकटत राहते.

हे सारे ज्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, ती वाचणे मला पोथी लावण्यासारखे वाटले. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीतील पोथ्या तिची किल्ली नसणाऱ्यांना मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा त्या बोलू लागल्या. चिपचेही तसेच आहे. कोणता बिट कोठे, हे कळेपर्यंत ती मुकी. दुसऱ्याने लिहिलेला तयार कार्यक्रम उतरवूनही दिवा लागतो, आणि रोजच्या कामात त्यात गैर काही नाही. परंतु दिवा लागला नाही, तर तो का लागला नाही, हे मुळाशी गेलेल्यालाच सांगता येते.

मित्रहो, आपल्या सीमाभागात एक वाटणी रूढ झाली आहे : व्यवहाराला कन्नड, ज्ञानाला इंग्रजी आणि भावनेला मराठी. मराठी शाळेतून दहावी झालेला मुलगा अभियांत्रिकीच्या वर्गात पहिले वर्ष मान खाली घालून बसतो, ते या वाटणीमुळे. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि ती वाचण्याइतकी इंग्रजी त्याने कमावलीच पाहिजे. कन्नडही शिकावी, ती शेजारधर्माची भाषा आहे. परंतु विचार कोणत्या भाषेत करायचा, हे चिप विचारत नाही. तिला मराठी कळत नाही, कन्नड कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही. तिला शून्य आणि एक कळतात. आताच आपण पाच लाख मायक्रोसेकंदांचा हिशेब मराठीत केला. तो कोठे अडला नाही.

हे ज्ञान दिव्यापाशी थांबत नाही. ज्या पायावर एलईडी लागतो, त्याच पायाने ट्रान्झिस्टर आणि रिलेच्या मदतीने विहिरीवरची मोटर चालू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे साधन घडवून शेतकऱ्याला मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय करून दिली. निपाणीच्या उसाच्या रानात वीज अपरात्री येते, तेव्हा अशा साधनाचे मोल कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रे घडविणारे हात आहेत. त्या यंत्रांना आज्ञा लिहिणारे हातही याच शाळांतून जावेत.

म्हणून संस्थाचालकांना माझी एक विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना एक चिप, एक रोधक आणि एक एलईडी द्या, आणि त्याची प्रत्येक पायरी मराठीत समजावून सांगा. दिवा लागल्यावर त्यांना एवढेच विचारा, की तो का लागला? ज्याला याचे उत्तर आपल्या भाषेत देता येईल, त्याला पुढे कोणत्याही भाषेचे भय वाटणार नाही.