ब्रशांची गर्दी कमी करताना

फोटो स्टुडिओ चालवणारे, फ्लेक्स-पत्रिकांची डिझाइनं करणारे आणि हौसेनं संगणकावर चित्रं काढणारे, अशा सगळ्यांशी आज बोलायचं आहे. सल्ला आधीच सांगून टाकते: नवे ब्रश डाउनलोड करणं काही दिवस थांबवा.

ढगांचे, धुराचे, पानाफुलांचे ब्रश फुकट मिळतात. फाइलवर दोनदा क्लिक केलं की शे-दोनशे ब्रश एका दमात यादीत येऊन बसतात. त्यातले वापरले जातात चार, आणि ते चार शोधायला रोज यादी वरखाली सरकवावी लागते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा हातातला ब्रश सगळ्या सेटिंग्जसकट नाव देऊन साठवा, त्यालाच प्रीसेट म्हणतात. आता, प्रीसेटमध्ये आपण नेमकं काय जपतो? टोकाचा आकार तर आलाच, पण तो सगळ्यात कमी महत्त्वाचा. कड किती टणक, म्हणजे हार्डनेस. एका ठशापासून दुसरा ठसा किती दूर, म्हणजे स्पेसिंग. आणि ऑपॅसिटी, फ्लो, ब्लेंड मोड. ऑपॅसिटी आणि फ्लो यांत बरेच जण गोंधळतात. माउस न सोडता मारलेल्या एका फटकाऱ्यात रंग जास्तीत जास्त किती गडद होऊ शकेल, ती मर्यादा ऑपॅसिटी ठरवते. त्या मर्यादेपर्यंत तो किती भराभर साठत जाईल, ते फ्लो ठरवतो. भिंत रंगवणारा त्याच जागी पुन्हा हात फिरवतो तसं हे. फ्लो कमी ठेवला की हात फिरेल तसतसा रंग दाट होतो, आणि चेहऱ्यावरच्या कामाला तोच उपयोगी.

फोटोशॉपमध्ये पूर्वी ब्रश प्रीसेटबरोबर ऑपॅसिटी आणि फ्लो जपले जात नसत. त्यासाठी २००२ च्या सातव्या आवृत्तीपासून टूल प्रीसेट ही वेगळी सोय होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ब्रशांसाठी फोल्डर आले आणि नवा ब्रश सेव्ह करताना ‘इन्क्लूड टूल सेटिंग्ज’ ही चौकट आली. तिच्यावर खूण करा. शेजारीच ब्रशचा आकार जपण्याची चौकट असते, तिथे मात्र विचार करा. हा आकार पिक्सेलमध्ये मोजला जातो. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात आणि ६०० वर केला तर दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट. एका स्कॅनवर बेताचा वाटणारा ब्रश दुसऱ्यावर टाचणीएवढा होतो. आकार चौकटी कंसाच्या कळांनी लहानमोठा करायची सवय लावा. फोटोशॉप, गिंप, क्रिटा, तिन्हींत त्या चालतात.

जुन्या फोटोचंच उदाहरण घेऊ. आजोबांचा घडी पडलेला कृष्णधवल फोटो भिंतीवर लावायला मोठा करून हवा, हे काम कुठल्याही गावच्या स्टुडिओत येतं. घडी कपाळावरून जात असेल तर हीलिंग ब्रश घ्या, कारण तो उचललेला पोत भोवतालच्या उजेड-सावलीशी जुळवून बसवतो. तीच घडी टोपीच्या कडेवर आली की थांबा. तिथे हीलिंग शेजारचा काळोख कपाळात ओढून आणतो आणि डाग पडल्यासारखं दिसतं. कडेपाशी क्लोन स्टॅम्प हवा. तो जे उचलतो ते जसंच्या तसं ठेवतो. दोन्ही कामं मूळ चित्रावर नको, वर कोरा लेयर घ्या आणि सॅम्पल खालच्या लेयरसह घ्यायला सांगा.

हार्डनेस फोटोच्या धारदारपणाशी जुळवावा. जुना फोटो मुळातच थोडा मऊ असतो, त्यावर पूर्ण टणक ब्रशची गोल ठिगळं लांबून ओळखू येतात. अगदी मऊ ब्रशही नको, त्यानं फोटोचे कण पुसले जातात आणि गाल प्लॅस्टिकचा दिसतो. मधली जागा दोन-तीनदा करून पाहिली की सापडते. सापडली की लगेच प्रीसेट करा. हीलिंगसाठी टूल प्रीसेटचं पॅनेल वापरा आणि तिथे फक्त चालू टूलचे प्रीसेट दाखवणारी चौकट निवडा, म्हणजे यादी आपोआप आखूड होते.

नाव देताना ‘ब्रश नवा दोन’ असलं काही देऊ नका. ‘घडी-कपाळ’, ‘कड-क्लोन’, ‘केस-बारीक’ अशी कामाची नावं द्या. क्रिटात मुळातच नावांआधी अक्षर लावलेलं असतं, खोडरबरांना ए, पेन्सिलींना सी, शाईच्या ब्रशांना डी. त्यामुळे एका जातीचे ब्रश एकत्र राहतात. ती पद्धत कुठेही उचलण्यासारखी आहे. क्रिटात उजवं क्लिक केलं की निवडक ब्रशांचं गोल चक्र कर्सरपाशीच उघडतं, आणि तिरकी रेघ असलेली कळ दाबली की आधीचा ब्रश परत हातात येतो. गिंपमध्ये २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ब्रशांना टॅग लावता येतात. टॅग वापरणारे मला फार थोडे भेटतात, का कोण जाणे.

एक नेहमीची तक्रार: फोटोशॉपमध्ये ब्रशचं वर्तुळ जाऊन नुसती फुली दिसते. सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नका. कॅप्स लॉक चालू राहिलेलं असतं, ते बंद करा.

राहिली जपणूक. फोटोशॉप नवे प्रीसेट साधारणपणे बंद होताना कायमचे लिहून ठेवतं. दिवसभर बसून ब्रश लावले आणि संध्याकाळी लाइट गेली, तर ते जाऊ शकतात. म्हणून लावालाव झाली की सॉफ्टवेअर एकदा बंद करून पुन्हा उघडा, कामाचे ब्रश निवडून एक्स्पोर्ट करा, आणि ती एबीआर फाइल पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. टूल प्रीसेटची फाइल वेगळी असते, तीही सोबत घ्या. मग उरलेल्या दोनशे ब्रशांचा एक फोल्डर करून तो मिटून टाका, आणि महिनाभर उघडावा लागला नाही तर काढून टाका.