पांढरीच्या मातीला चुन्याचे बळ



पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात आज सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत. जुनी मातीची घरे पाडली की त्यांची माती भराव म्हणून टाकून दिली जाते. वस्तुतः ती टाकाऊ नाही.

मराठी गावगाड्यात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणत. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भिंतींना पांढरी पसंत असे. तथापि तिलाही आधार लागतो. भाताचे काड व गव्हाचा भुसा भेगा आवरतात. शेणाने सारवण चिवट होते. चुना चिकणमातीशी संयोग पावून तिला ओल सोसण्याचे बळ देतो. चुन्याच्या कामात गूळ आणि हिरडाही घालीत.

या ज्ञानाची साक्ष वेरूळ देते. तेथील लेण्यांच्या गिलाव्यात माती व चुन्यासोबत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू आढळले नाहीत आणि तेथील चित्रांची कीटकांनी मोठी हानी केली.

मात्र प्रत्येक ठिकाणची माती निराळी. म्हणून आधी नमुन्याचे ठोकळे करून ते सुकवावेत, पाण्यात भिजवून पारखावेत आणि मगच मिश्रणाचे प्रमाण ठरवावे. स्थिरीकृत मातीच्या ठोकळ्यांसाठी १७२५ क्रमांकाचे भारतीय मानक उपलब्ध आहे. दगडी जोते आणि रुंद वळचण यांची जोड मिळाल्यास पाडलेल्या घराच्या मातीतूनच नवे घर उभे राहू शकेल.