फोनवरचा डॉक्टर आणि हातातली चिठ्ठी

(गेल्या गणेशोत्सवात समाजाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, आणि इथेच इंदूरला सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे उभा असतो. म्हणून आज आजारांवर नाही, चिठ्ठीवर बोलणार आहे.

आपल्या घरांची स्थिती तुम्हाला माहीत आहे. रामबागेत नाहीतर सुदामानगरात दोघंच म्हातारी माणसं, मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत. मग मुलगा पुण्यातला डॉक्टर व्हिडिओवर जोडून देतो. चांगलंच आहे. ‘कसंसंच होतंय’ याला हिंदी शब्द चार पिढ्या इथं काढूनही आपल्याला सापडलेला नाही. तो डॉक्टर निदान ते समजून घेतो.

आणि हे नियमात बसतं. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनुसार भारतात नोंदणी असलेला डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकतो. अमेरिकेतल्या डॉक्टरची चिठ्ठी मात्र इथल्या दुकानात चालत नाही, जावई स्वतः डॉक्टर असले तरी.

पण दुरून सगळीच औषधं लिहिता येत नाहीत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं नुसत्या फोनवरही चालतात. पुढच्या यादीतल्या औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवर व्हावी लागते. तिसरी यादी आपल्या कामाची. चालू रक्तदाबाच्या गोळीला दुसरी जोडायची, असली औषधं त्यात येतात. त्यासाठी डॉक्टर तोच हवा, आजार तोच हवा आणि त्यानं तुम्हाला गेल्या सहा महिन्यांत समोर बसवून तपासलेलं हवं. तेव्हा दिवाळीला पुण्याला गेलात की चकल्यांच्या आधी डॉक्टर गाठा. मॉर्फिनसारखी औषधं दुरून मिळतच नाहीत. त्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

आता खिडकीवर पाहिलेली गोष्ट. एक आजोबा चक्कर येते म्हणून आले. पिशवीत दोन पट्ट्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक इथल्या डॉक्टरनं दिलेली, दुसरी व्हिडिओवरच्या. आत औषध एकच, टेल्मिसार्टन. आजोबा इमानदारीनं दोन्ही घेत होते. व्हिडिओवर त्यांनी घेत असलेल्या गोळ्या सांगितल्या होत्या, पण ‘ती पांढरी, सकाळची’ एवढंच. ड्यूटीवरच्या डॉक्टरनी रक्तदाब मोजला, खूप उतरलेला होता. आणखी काही दिवस गेले असते तर न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडायला वेळ लागला नसता. म्हणून कॅमेऱ्यासमोर बसताना घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा, काढे आणि चूर्णंसुद्धा, आणि पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव वाचून दाखवा.

चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि तुमचं नाव-वय हवं. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तरी चालतो. पण ‘तीच गोळी अजून पाच दिवस घ्या’ हा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे. काही अँटिबायोटिक्ससाठी दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. तो चिठ्ठी मागतो तेव्हा आगाऊपणा करत नसतो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. औषध कुठून घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं. काही ॲपवाले सल्ला संपायच्या आत औषधांची ऑर्डरही लावून टाकतात. चिठ्ठी मागून घ्या आणि दवाबाजारात जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात.

ज्यांना पुण्याचा डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी सरकारची ई-संजीवनी आहे. मोबाईल नंबर टाकला की टोकन मिळतं, डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, चिठ्ठी तिथेच मिळते. पैसे लागत नाहीत. आपल्या वस्तीतलं संजीवनी क्लिनिक वेगळं, तिथं प्रत्यक्ष जावं लागतं. नावांमुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. आणि छातीत दुखत असेल तर टोकनची वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आरतीची वेळ झाली. प्रसादानंतर मी इथेच खुर्ची टाकून बसतो. कुणाला गोळ्या दाखवायच्या असतील तर पूर्ण पट्टी आणा, कापलेला तुकडा नको. नाव नेमकं कापलेल्या बाजूला गेलेलं असतं.