आत्मपरीक्षण आणि दुसऱ्याची साक्ष

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी विवळवेढे येथे केलेले भाषण)



महोत्सव हा कृतज्ञतेचा दिवस होय. परंतु स्वतःचे गुण गाण्याचा मोहही याच दिवशी अनावर होतो. म्हणून आम्ही एक अप्रिय प्रश्न तुम्हांपुढे ठेवितो : मनुष्याचे स्वतःविषयीचे मत कितपत विश्वसनीय असते?

एमिली प्रोनिन व त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांनी इतरांच्या तुलनेने आपले गुणदोष सांगितले. मग, मनुष्य स्वतःस सामान्यांहून बरा समजतो, हे त्यांस समजावून दिले. तरीही बहुतेकांनी आपले उत्तर यथार्थच मानिले; आपण विनयाने कमीच सांगितले, असेही काही म्हणाले! नियम सर्वांस मान्य. अपवाद मात्र आपण स्वतः.

दूर कशाला? याच डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी कर्ज काढून वारली बांधव जमीनदाराकडे जन्मभर राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ही दास्यावस्था नोंदविली. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निर्धार केला. लग्नास पैसा देणाऱ्यास स्वतःला अन्नदाता समजणे किती सोपे होते, पहा! दिलेल्या पैशाचे स्मरण राहते. घेतलेल्या श्रमांचे राहत नाही. आपण स्वतःस हेतूंवरून तोलतो, दुसऱ्यास कृतींवरून.

ख्रिस्तसभा आपणांस सदसद्विवेकबुद्धीची तपासणी शिकविते. ती अवश्य करावी. परंतु तेथे आरोपी, साक्षीदार व न्यायाधीश एकच असतो. मंदिरातील परूशाने उपवास व दशांश यांचा हिशेब दिला. त्यात एकही आकडा खोटा नसेल, तरी तो स्वतःस ओळखू शकला नाही.

यास्तव दुसऱ्याची साक्ष घ्यावी. वाडीत चिकू उतरविणाऱ्या मजुरास, घरच्या सुनेस, हाताखालच्या माणसास विचारावे : माझ्या वागण्याने तुला काय सोसावे लागते? त्यास उत्तर देण्याचे भय वाटले, तर तेच पहिले उत्तर समजावे. तो बोलला, तर समर्थन करू नये, आणि मागाहून त्याची रोजी तोडू नये. हा नियम आम्हां धर्मगुरूंसही लागू आहे.

ती साक्ष ऐकण्याचे धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो.