रेस पूर्ण का घेत नाही?

कविता लिहिणाऱ्या माणसाने कार्बोरेटरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण माझं लहानपण वाकोल्यातल्या गॅरेजांच्या शेजारात गेलं आणि माझे मामू ट्रकचे मिस्त्री. ‘गाडी रेस पूर्ण घेत नाही’ हे वाक्य मी शाळेतल्या पाढ्यांइतकं ऐकलं आहे.

आजच्या डिझेल ट्रकला कार्बोरेटर नसतो. पण १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक तयार होऊ लागले, त्याआधी आणि नंतरही काही वर्षं पेट्रोलचे ट्रक माल वाहत होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आमच्याकडून मिठी नदी ओलांडली की कुर्ल्याला. डॉज आणि फार्गो ट्रकांची जुळणी तिथलीच. त्यांतले काही म्हातारे ट्रक मी शाळेत असतानाही वाकोल्यात विटा-रेती वाहत होते.

असा ट्रक रिकामा असताना बरा चालायचा. माल भरून चढ लागला की पाय फळीला टेकला तरी गाडी उठायची नाही. मालकाचा निकाल ठरलेला असे : कार्बोरेटर गेला, नवा टाका. नाहीतर ड्रायव्हर कामचुकार आहे!

मामू आधी काही खोलत नसत. कार्बोरेटरच्या घशात एक गोल पत्रा असतो, त्याला बटरफ्लाय म्हणतात. तो आडवा झाला की वाट बंद, उभा झाला की पूर्ण उघडी. पायाखालच्या पॅडलपासून दांड्या किंवा केबल त्याच्यापर्यंत जातात. तेव्हा पहिला प्रश्न असा, की पाय पूर्ण दाबल्यावर पत्रा खरंच उभा राहतो का? इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, जवळ कुणाचीही बिडी नाही. एअर क्लीनर काढायचा, चोकचा पत्रा वर असेल तर तो उघडा धरायचा. एकाने केबिनमध्ये बसून पॅडल एकदाच सावकाश दाबायचं, दुसऱ्याने घशात डोकवायचं. पुन्हा पुन्हा दाबलं तर आतला छोटा पंप दरवेळी पेट्रोलची पिचकारी मारतो आणि इंजिन ओलं होतं.

पत्रा अर्धवट थांबला, तर कार्बोरेटरजवळचा लिव्हर हाताने ढकलून पाहायचा. हाताने तो पूर्ण उघडला, तर कार्बोरेटर निर्दोष. खोट पॅडलपासून तिथपर्यंतच्या वाटेत आहे. हातानेही अडला, तर खोट कार्बोरेटरपाशी आहे : शाफ्टवर साचलेला चिकटा, वाकलेला शाफ्ट, स्प्रिंग अडकलेली, नाहीतर पत्र्याच्या आड येणारं चुकीचं गॅस्केट. या एका परीक्षेने अर्धं गॅरेज चाळण्याचं काम वाचतं.

वाटेतल्या खोटी तर फार साध्या असतात. पॅडलखाली जाड पायपुसणं घातलेलं असतं. सांध्यांची भोकं झिजून लांबट झालेली असतात. प्रत्येक सांध्यात थोडी चाल वाया गेली की शेवटी पत्र्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. केबलचं वरचं आवरण क्लिपमधून सुटलेलं असतं.

आणि पत्रा नीट उभा राहत असूनही गाडी उठत नसेल, तर? काही जुन्या ट्रकांत वेग आवरण्यासाठी कार्बोरेटरच्या खाली गव्हर्नर बसवलेला असे. तो अडकला, तर वरून सगळं उघडं दिसतं आणि खाली वाट बंद असते. तोही ठीक असेल, तर मग पेट्रोलचा फिल्टर, पंप आणि टायमिंग.

एक ट्रक मला आठवतो. बोरघाटात रखडतो, फेऱ्या कमी पडतात, म्हणून शेठनी ड्रायव्हरच्या भत्त्यातून पैसे कापले होते. आधीच्या कुणी तरी दांडी आखूड करून पाहिली होती. त्याने पत्रा पूर्ण उघडला नाहीच, उलट पाय काढल्यावरही इंजिन चढ्या आवाजात राहू लागलं. मामूंनी इंजिनखाली लाकडाची फळी ठेवून जॅक हलकेच चढवला. इंजिन बोटभर वर आलं आणि पत्रा सरळ उभा! फाउंडेशनचं रबर फाटून इंजिन एका बाजूला खचलं होतं, त्यामुळे दांडीचा कोनच बदलला होता. रबर बदललं, दांडी पुन्हा मूळ मापाला आणली.

मामू म्हणाले, “शेठ, पोराचा पाय बरोबर होता. त्याचे पैसे त्याला द्या.” शेठ तेव्हा काही बोलले नाहीत. महिन्याभराने ड्रायव्हर पैसे मिळाल्याचं सांगायला आला, तेव्हा मामू दुसऱ्या गाडीखाली होते. “बरं झालं,” एवढंच आतून ऐकू आलं.

काम झाल्यावर मामू एक गोष्ट कधी चुकवत नसत. पॅडल सोडलं की पत्रा झटकन मागे येतो ना, हे ते दहादा पाहत. उघडत नाही तो पत्रा रस्त्यात थांबवतो. मिटत नाही तो जीव घेतो. म्हणून परतीची स्प्रिंग कमजोर असेल, तर ती आधी बदलायची. आणि पत्रा पूर्ण उघडला, त्याच क्षणी पॅडल खाली टेकलं पाहिजे. नाहीतर पायाचा सगळा जोर केबलवर येतो.

२०२० नंतर बहुतेक नव्या दुचाकींतही फ्युएल इंजेक्शन आलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. कार्बोरेटर कानाने ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. आपल्याकडे एखादी जुनी जीप किंवा फियाट असेल आणि ती रेस घेत नसेल, तर नवा कार्बोरेटर घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी पॅडलवर बसवा आणि स्वतः घशात डोकवा. आणि जवळपास एखादा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्यालाही बोलवा. चहा पाजा आणि तो काय काय बघतो, ते शेजारी उभं राहून बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)