टाकीखालचे मोहोळ

मधमाश्यांच्या ऱ्हासाचा विचार करताना उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचे नाव आधी घ्यावे, हे अनेकांना अस्थानी वाटेल, कारण मध म्हटला की महाबळेश्वर आणि मधमाशी म्हटली की लाकडी पेटी, असे समीकरण महाराष्ट्रात रूढ झाले आहे. परंतु उल्हास नदीच्या या खोऱ्यापुरते बोलायचे, तर मधमाशीचे भवितव्य पेटीत ठरणार नसून गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीखाली ठरणार आहे, हेच प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे आणि पुढील सारे विवेचन त्या टाकीपर्यंत पोहोचण्यासाठीच आहे.

राणी माशी, कामकरी माशी आणि नर यांची श्रमविभागणी, तसेच फुलांची दिशा सांगणारे माशीचे नृत्य, या गोष्टी श्रोत्यांना शालेय पुस्तकांपासून ठाऊक आहेत. नर माशीला नांगी नसते आणि मध गोळा करण्याचे कामही ती करीत नाही, या उल्लेखावर सभागृहाच्या डाव्या बाजूने, जिथे महिलावर्ग अधिक आहे, जो हशा पिकला तो स्वाभाविकच आहे. तथापि राणीच्या मीलनोड्डाणासाठी, म्हणजे आकाशात उडत असताना होणाऱ्या समागमासाठी, अनेक नर लागतात आणि त्यांच्या वैविध्यावरच वसाहतीची रोगप्रतिकारशक्ती अवलंबून असते, एवढे त्या बिचाऱ्या नराच्या बाजूने नोंदवून पुढे जाणे योग्य.

आपल्याकडे मधासाठी ओळखल्या जाणाऱ्या माश्यांत आग्या, सातेरी, फुलोरी आणि नांगी नसलेली चिमुकली पोया या प्रमुख आहेत. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत ठेवता येते. 1946 साली स्थापन झालेल्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचे कार्य प्रामुख्याने तिच्याच आधारावर उभे राहिले आणि मे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झालेले मांघर हे त्याच परंपरेचे फळ होय. परदेशातून आणलेली मेलिफेरा माशीही पेटीत नांदते. आग्या मात्र उघड्यावर, कड्याच्या, उंच फांदीच्या किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला एकच मोठे पोळे लटकवते, ते कधी दीड मीटरपर्यंत रुंद होते, आणि कोणत्याही पेटीत ती राहत नाही. जी पेटीत राहत नाही ती शासकीय योजनेतही सहसा राहत नाही.

जगभरच्या चर्चेत येथेच एक घोटाळा होतो. 2006 च्या सुमारास अमेरिकेत वसाहतीच्या वसाहती अचानक ओस पडू लागल्या, तेव्हापासून मधमाश्या संपत चालल्याची हाकाटी सुरू झाली. तिला उत्तर म्हणून असेही दाखवून देण्यात आले की पाळीव मधपेट्यांची जागतिक संख्या 1961 नंतरच्या अर्धशतकात सुमारे 45 टक्क्यांनी वाढलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु दोन्हींत मोजली गेली ती पेटीतली माशी. पेटीवरच सारी भिस्त ठेवण्याचा धोका भारताने 1991-92 मध्ये अनुभवला, जेव्हा थाई सॅकब्रूड या विषाणूने, ज्याच्या लागणीने अळी कोषात न जाता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते, केरळ आणि कर्नाटकातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या आणि हजारो मधपाळांचा व्यवसाय दोन हंगामांत बसला. कड्यावरच्या पोळ्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ते नाहीसे झाले तर त्याची बातमीही होत नाही.

आता या खोऱ्याकडे वळता येईल. पश्चिमेस आणि दक्षिणेस ताहुली, चंदेरी आणि मलंगगडाचे उभे कडे, पायथ्याशी पानझडी जंगल, मध्ये उल्हास नदी आणि तिच्या काठची गावे, ही रचना आग्या माशीला सर्वार्थाने सोयीची. या रचनेत शहर वाढत गेले. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 97,948 होती, ती 2011 मध्ये 1,74,226 झाली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती मोजण्यासाठी जनगणनेची वाट पाहण्याची गरज नाही, स्थानकाच्या पुलावर उभे राहिले तरी पुरते. या वाढीत मोठी झाडे गेली, परंतु माशीच्या दृष्टीने पाहता त्यांच्या जागी काँक्रीटचे कडे उभे राहिले. चौदाव्या मजल्याचा छज्जा, जिन्याची टोपी, पाण्याच्या टाकीचा तळ या जागा उंच, आडोशाच्या आणि शत्रूपासून सुरक्षित असल्याने आग्या माशी तेथे पोळे बांधू लागली. ती शहरात शिरली असे म्हणण्यापेक्षा शहर तिच्या वाटेवर उंच होत गेले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या माशीचे आणि या भूमीचे नाते जांभळाच्या झाडातून सर्वांत स्पष्ट दिसते, आणि वसंतातील हे व्याख्यान जांभूळ फुलण्याच्या दिवसांतच होत असल्याने त्यावर थोडे थांबणे अप्रस्तुत ठरू नये. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशामुळेच गुण लाभलेल्या वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख, प्राप्त झाली आहे. त्या फळाचा अभिमान या शहराला आहे, आणि तो रास्तही आहे. मात्र पानांच्या द्रोणांतून विकल्या जाणाऱ्या त्या फळाआधी मार्च-एप्रिलमध्ये झाडावर जो पांढुरका मोहोर येतो, त्याकडे लक्ष देणारी मुख्यतः माशीच असते. सह्याद्रीतील मधाचा एक मोठा वाटा याच मोहोरातून येतो. जांभळाचा मध मधुमेहींनाही चालतो असा समज बाजारात पसरलेला आहे, त्यावर विसंबून कोणी राहू नये. झाड कोणतेही असो, मध ही मुख्यतः साखरच आहे. नावांचा योग असा की अंबरनाथ तालुक्यात जांभूळ याच नावाचे गाव आहे आणि तेथील जलशुद्धीकरण केंद्रातून उल्हासनगर, अंबरनाथ आणि पुढे डोंबिवलीच्या बाजूला पाणी जाते. म्हणजे ज्या टाकीच्या तळाशी जांभळाच्या मोहोरावर पोसलेले पोळे लटकते, त्या टाकीतले पाणीही अनेकदा जांभूळहूनच आलेले असते. अशा योगाला पुराव्याची किंमत नाही, हे मान्य करूनही तो येथे सांगावासा वाटतो, कारण टाकीच्या वर आणि खाली राहणारे दोन्ही एकाच खोऱ्याचे रहिवासी आहेत.

पिकांविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. परागीभवन म्हणजे फुलातील परागकण स्त्रीकेसरापर्यंत पोहोचण्याची क्रिया. जगातील 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिके या कामी काही ना काही प्रमाणात प्राण्यांवर अवलंबून आहेत, पण उत्पादनाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे 35 टक्केच आहे, कारण पोटभरीची धान्ये माशीवाचून पिकतात. या खोऱ्यातील मुख्य पीक भात हे स्वतःच्याच परागांवर फळते. माशी गेली म्हणून भाताचे कणीस रिकामे राहणार नाही. परंतु भातानंतर नदीकाठच्या आणि मुरबाडकडच्या मळ्यांत जी काकडी, कारली, भोपळा आणि कलिंगडे होतात, त्यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, मादी फूल सकाळी उमलून त्याच दिवशी कोमेजते, आणि तेवढ्या वेळात पुरेशा माश्या येऊन गेल्या नाहीत तर फळ एका बाजूने वाकडे होते किंवा बोटाएवढे असतानाच पिवळे पडून गळते. वाकडी काकडी पाहून शेतकरी बहुधा खताचा किंवा रोगाचा विचार करतो. दुधी आणि शिराळी यांची फुले संध्याकाळी उमलतात व त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात, त्यामुळे तो हिशेब निराळा. सकाळच्या फुलांच्या बाबतीत मात्र माशीची जागा कोणत्याही फवारणीने भरून निघत नाही; उलट सकाळी केलेली कीटकनाशकाची फवारणी नेमक्या त्याच वेळी फुलावर आलेल्या माशीला मारते. फवारणी अपरिहार्य असेल तर ती सूर्यास्तानंतर करावी, हे मळेवाल्यांपर्यंत पोहोचवण्यास खर्चही लागत नाही.

शहरातील मृत्यू अधिक नकळत होतो. तमिळनाडूतील संशोधकांनी 2011 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेयपानाच्या 5 दुकानांबाहेर फेकलेल्या कागदी पेल्यांतून 30 दिवसांत 25,211 मृत मधमाश्या मोजल्या. तळाशी उरलेल्या गोड द्रवाकडे येऊन त्या बुडाल्या होत्या. उन्हाळ्यात उल्हासनगरच्या कॅम्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांमधून रसवंती, सरबताच्या गाड्या आणि मिठाईची दुकाने यांच्या समोरून जाणाऱ्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल. झाकणाची कचराकुंडी हा एवढ्या मोठ्या हानीवर इतका साधा उपाय आहे, की तो अजून सार्वत्रिक झाला नाही याचे दुःख वाटावे.

परंतु मुख्य विषय परतीचा आहे. आग्या माशी स्थलांतर करते; पाऊस जवळ आला की ती पोळे सोडून निघते आणि पावसाळा सरल्यावर फुलांच्या मागोमाग पुन्हा येते. 2000 साली ‘नेचर’मध्ये पार, ओल्ड्रॉइड आणि कास्टबर्गर या संशोधकांनी ईशान्य भारतातील वसाहतींच्या आनुवंशिक चाचण्यांवरून दाखवले की परत आलेल्या वसाहती केवळ त्याच गावात नव्हे, तर त्याच झाडावरच्या आपल्या जुन्या जागी परतल्या होत्या आणि राणीही तीच होती. कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे असते, त्यामुळे जी माशी जागा सोडून गेली ती परतीच्या वेळी हयात असणे कठीण. राणी जगते, पण वाट दाखवणे हे तिचे काम नव्हे. मग ज्यांनी ती जागा कधी पाहिलीच नाही, त्या माश्या कित्येक किलोमीटरवरून नेमक्या त्या फांदीपाशी कशा येतात? जुन्या मेणाचा वास हा शेवटच्या टप्प्यातला दुवा असावा असे मानले जाते, परंतु तो वास दूरवरून वाट दाखवू शकत नाही. या कोड्यावर व्याख्यानाचा नियोजित वेळेपेक्षा बराच अधिक वेळ गेला आहे, हे संयोजकांच्या चेहऱ्यावरून दिसत असले तरी तो खर्च आवश्यक होता. फेब्रुवारीत टाकीखालच्या पोळ्यावर विषारी फवारा मारला जातो तेव्हा एक पोळे पडते एवढाच त्याचा अर्थ नसतो. त्याच जागी वर्षानुवर्षे येणारी एक राणी आणि तिच्याबरोबर त्या वाटेची स्मृती, ती जशी असेल तशी, नष्ट होते.

दुसऱ्या रांगेतून आलेल्या चिठ्ठीत विचारले आहे की गच्चीवर मुले खेळतात, एखाद्याला शेकडो माश्या चावल्या तर जबाबदारी व्याख्यात्यांची की माशीची. प्रश्नामागील भीती खरी आहे. आग्या माशीच्या हल्ल्यात माणसे दगावलेली आहेत आणि ती वस्तुस्थिती झाकून माशीची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शाळेच्या दाराशी, जिन्याच्या तोंडाशी किंवा रुग्णाच्या खिडकीला लागून पोळे असेल तर ते हलवलेच पाहिजे, परंतु ते अंधार पडल्यावर, प्रशिक्षित माणसाकडून आणि धुराने माश्या जिवंत उठवून. इतर ठिकाणी, म्हणजे बहुसंख्य ठिकाणी, गच्चीचे दार काही महिने कुलूपबंद ठेवणे, दगड किंवा फटाके मारू न देणे, आणि पोळ्याजवळचे दिवे रात्री बंद ठेवणे पुरेसे असते. ही माशी चांदण्या रात्रीही उडते आणि दिव्याकडे ओढली जाऊन घरात शिरते, तिथेच बहुतेक तक्रारींचा उगम असतो. हे उत्तर ऐकून दुसऱ्या रांगेत जी कुजबुज झाली, तिच्यावरून ते पुरते पटलेले नाही असे दिसते. म्हणूनच हा निर्णय एकट्या सचिवांनी दूरध्वनीवरून घेऊ नये. तो संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, भीती असलेल्या आणि नसलेल्या सर्वांसमोर व्हावा.

वेळ संपत आल्याने काही मुद्दे केवळ उल्लेखून सोडावे लागत आहेत. डिसेंबर 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील मधात साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे पुढे आणले. अशा स्वस्त मधामुळे डोंगरातून मध आणणाऱ्या ठाकूर आणि कातकरी कुटुंबांना भाव मिळत नाही, आणि भाव नसला की घाईने सारे पोळे पिळून घेण्याकडे कल वाढतो. वर्ध्याला डॉ. गोपाल पालीवाल यांनी रुजवलेली पद्धत याला उत्तर आहे: आग्याच्या पोळ्यात मध वरच्या जाड भागात आणि अंडी-अळ्या खाली असतात, म्हणून केवळ मधाचा भाग कापून घ्यावा व पिलांचा भाग तसाच ठेवावा, म्हणजे वसाहत टिकते आणि मधही स्वच्छ मिळतो. ही रीत येथील डोंगरकड्यांवर तर उपयोगी आहेच, पण या तीन शहरांतील तरुणांना ती शिकवली तर संस्थांना फवारणीवाल्याऐवजी बोलावण्यासाठी माणूस मिळेल आणि त्या तरुणाला काम.

शेवटचे एवढेच, कारण दिवे मंद होऊ लागले आहेत. मे महिन्यात, पावसाच्या आधी, बहुतेक संस्थांत टाकी धुण्याचे काम निघते आणि त्या सुमारास पोळे रिकामे होऊन माश्या गेलेल्या असतात. तळाच्या स्लॅबवर मेणाची पिवळट अर्धचंद्राकृती खूण उरते. कामगार ती खरवडून वरून चुना किंवा रंग मारतात. टाकी आतून स्वच्छ धुवावी. बाहेरची ती खूण मात्र राहू द्यावी.